घरीं जोडलेला व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक आणि त्यांतील दोषांचा शोध



घरांतलें घड्याळ बंद पडलें, सायकल कुरकुरूं लागली किंवा विहिरीवरचा पंप पाणी ओढीनासा झाला, म्हणजे दोन प्रकारचीं माणसें आपल्या दृष्टीस पडतात. एक यंत्राला चापट मारून पाहतो. दुसरा त्याच्याजवळ स्वस्थ बसून विचार करूं लागतो. चापटीनें यंत्र कधीं कधीं चालू होतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तें बंद कां पडलें होतें, हें चापट मारणाराला शेवटपर्यंत कळत नाहीं. आणि कारण न कळल्यामुळें, यंत्र पुन्हां बंद पडल्यावर तो पुन्हां चापटच मारतो. यंत्रांतला दोष क्रमानें शोधून काढणें ही एक स्वतंत्र विद्या आहे. तिला महागडीं साधनें लागत नाहींत. ओहमचा नियम, थोडें धैर्य व पुष्कळशी शांतता एवढें भांडवल तिला पुरतें. ती विद्या एका लहानशा यंत्राच्या उदाहरणानें तुम्हांला समजावून द्यावी, असें आम्हीं योजिलें आहे.

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पुण्यापासून सुमारें ५० किलोमीटरांवर, शिरूर तालुक्यांत रांजणगांव आहे. अष्टविनायकांपैकीं महागणपतीचें स्थान म्हणून तें सर्वांस ठाऊक आहे. अलीकडे तेथील औद्योगिक वसाहतीमुळेंहि त्याचें नांव झालें आहे. त्या गांवीं राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें, कारखान्यांतील आपल्या पहिल्या पगारांतून, हेडफोनच्या ध्वनिवर्धकाचा एक संच सुट्या भागांच्या रूपांत विकत घेतला, आणि चार रविवार खपून तो स्वतःच्या हातांनीं जोडला. संच चालू करतांच उजव्या कानांत बासरी वाजूं लागली; डावा कान मात्र मुका राहिला, आणि पांच-सात मिनिटांनीं पेटींतून तापल्या वार्निशासारखा वास येऊं लागला. घरांत चर्चा सुरू झाली. वडील म्हणाले, वस्तु मोडींत द्यावी. मुलाच्या मनांत याहूनहि वाईट विचार आला. तो असा, कीं हें काम आपल्याला जमण्यासारखेंच नाहीं. पैसे गेले तर पुन्हां मिळतात. परंतु हा विचार एकदां मनांत घट्ट बसला, म्हणजे तो काढणें कठीण. म्हणून आम्ही तो संच पाहावयास गेलों.

१. व्हॉल्व्ह म्हणजे काय?

आजच्या मोबाइलमध्यें अब्जावधि ट्रान्झिस्टर असतात, पण ते डोळ्यांस दिसत नाहींत. व्हॉल्व्ह हा त्यांचा थोरला पूर्वज. तो कांचेंतून उघड दिसतो. इंग्लंडांत फ्लेमिंग यानें १९०४ सालीं दोन अग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला, व १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें त्यांत तिसरें अग्र घातलें. त्या तिसऱ्या अग्रामुळें क्षीण ध्वनि मोठा करण्याची युक्ति मनुष्याच्या हातीं आली. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तें याच व्हॉल्व्हांच्या बळावर. १९४२ च्या चळवळींत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत जागा बदलत बदलत जो गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, त्याच्या प्रक्षेपकांतहि व्हॉल्व्हच होते. स्वातंत्र्यानंतर १९५४ सालीं स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत रेडिओचे व्हॉल्व्ह आपल्या देशांतहि तयार होऊं लागले. दरम्यान १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला, आणि हळूहळू व्हॉल्व्हांचें राज्य संपलें. तरीहि संगीताचे कांहीं शौकीन व्हॉल्व्हच्या आवाजावर अजून लुब्ध आहेत, आणि अशा शौकिनांसाठींच हे संच विकले जातात.

व्हॉल्व्हचें काम समजण्यास शेतावर जावें. पाटानें वाहणाऱ्या पाण्याला दारें धरणारा माणूस फावडेंभर मातीनें सबंध प्रवाह अडवितो किंवा सोडतो. पाण्याचा जोर त्याचा नसतो, तो कालव्याचा असतो. व्हॉल्व्हच्या निर्वात नळींत तापलेल्या कॅथोडपासून इलेक्ट्रॉन सुटतात व अधिक दाबाच्या प्लेटकडे धांवतात. वाटेंत ग्रिड नांवाची तारेची विरळ जाळी असते. ग्रिडवरचा दाब किंचित् बदलला, कीं प्लेटकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. ग्रिड हा दारें धरणारा माणूस. प्लेटचा दाब हा कालवा.

२. यंत्राची रचना

आमच्यापुढील संचांत दोन व्हॉल्व्ह होते. पहिला लहान, १२एयू७ या जातीचा. दुसरा मोठा, ६०८० या जातीचा. दोहोंच्याहि कांचेंत प्रत्येकीं दोन दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह असतात, त्यामुळें अर्धा भाग डाव्या कानाचें व अर्धा उजव्या कानाचें काम करतो. लहान व्हॉल्व्ह ध्वनीच्या विजेचा दाब वाढवितो. मोठा व्हॉल्व्ह तिला हेडफोन हालविण्यापुरता प्रवाह देतो. पहिल्याची प्लेट दुसऱ्याच्या ग्रिडला सरळ तारेनें जोडलेली असते. ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें तिचा उपयोग आहे.

या सर्वांस लागणारा सुमारें १७० व्होल्टांचा स्थिर दाब ट्रान्सफॉर्मर, चार डायोड व कंडेन्सर मिळून तयार करतात. आपल्या घरची वीज एका सेकंदांत ५० आवर्तनें करते. डायोडांतून गेल्यावर ती सेकंदास १०० हिसक्यांनीं येते. हे हिसके तसेच पुढें गेले, तर कानांत गाण्याऐवजीं घूं घूं असा घोष ऐकूं येईल. येथें ज्या गांवाच्या नांवांतच रांजण आहे, त्या गांवचें उदाहरण घ्यावें. विहिरीवरून पाणी घागरीघागरीनें येतें. पण रांजणांत पडल्यावर त्याच्या तोटींतून धार अखंड लागते. कंडेन्सर हा विजेचा रांजण होय. या संचांत असे तीन रांजण होते, प्रत्येक २२० मायक्रोफॅरडचा.

३. आधीं जीव, मग यंत्र

पुढें जाण्यापूर्वीं एक गोष्ट कळकळीनें सांगतों. रांजण भरलेला असला, म्हणजे विहिरीवरचा दोर कापून तो रिकामा होत नाहीं. त्याचप्रमाणें प्लग काढून ठेवला, तरी कंडेन्सरांत वीज शिल्लक राहते. वरील तीन कंडेन्सर मिळून ६६० मायक्रोफॅरड होतात. १७० व्होल्टांवर त्यांत सुमारें साडेनऊ ज्यूल ऊर्जा सांठते. एक किलोग्रॅमचें वजन जवळजवळ एक मीटर उचलण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ही आहे. ती वजन उचलण्याऐवजीं एका हातांतून शिरून छातींतून दुसऱ्या हातानें बाहेर पडली, तर प्राणावर बेतेल. म्हणून पुढील नियम प्रत्येकानें पाळावे.

पहिला: काम करण्यापूर्वीं प्लग काढावा, केवळ बटन बंद करून भागत नाहीं. दुसरा: १० किलोओहमचा, पांच वॉटांचा रेझिस्टर रबरी वेष्टणाच्या चिमट्यांनीं कंडेन्सरच्या दोन टोकांस लावून एक मिनिट थांबावें. ६६० मायक्रोफॅरड व १० किलोओहम यांचा गुणाकार ६.६ सेकंद होतो. तेवढ्या वेळाच्या पांचपट, म्हणजे ३३ सेकंदांत, दाब शंभरांत एका भागाहून कमी उरतो. आम्ही मिनिटभर थांबण्यास सांगतों, तें सावधगिरी म्हणून. आणि त्यानंतरहि मीटर लावून दाब खरोखर उतरला आहे, याची खात्री करावी. तिसरा: चालू यंत्रावर मोजमाप करतांना मीटरची काळी तार चिमट्यानें पेटीच्या पत्र्यास लावून ठेवावी, आणि लाल तार एकाच हातानें धरावी, दुसरा हात खिशांत असावा. पायांखालीं कोरडी लांकडी फळी असावी. चौथा: पेटीचा पत्रा अर्थिंगच्या तारेस पक्का जोडलेला असावा. भिंतींतल्या खोबणीस तिसरें भोंक आहे, एवढ्यावरून घरांत अर्थिंग आहे असें समजूं नये. जाणत्या वीजतंत्र्याकडून तें तपासून घ्यावें. पांचवा: फ्यूज उडाला, कीं त्याच्या जागीं जाड तार बसविण्याची वाईट खोड आपल्याकडे फार आहे. फ्यूज उडतो तो आपल्याला कांहीं सांगण्यासाठीं उडतो. जाड तार बसविणें म्हणजे ओरडणाऱ्या राखणदाराच्या तोंडांत बोळा कोंबणें होय.

शाळकरी मुलांनीं असें काम मोठ्या जाणत्या माणसाच्या समक्षच करावें. एकट्यानें कधींहि करूं नये.

४. निरोगी यंत्राचे आंकडे

वैद्य नाडी पाहतो, तेव्हां निरोगी माणसाची नाडी किती असते हें त्यास आधीं ठाऊक असतें. म्हणून यंत्राला मीटर लावण्यापूर्वींच, निरोगी यंत्रांत कोठें किती दाब असावा, हें कागदावर मांडावें. आम्हीं त्या विद्यार्थ्याकडून तें असें मांडवून घेतलें.

पुरवठा १७० व्होल्ट. लहान व्हॉल्व्हची प्लेट २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पुरवठ्यास जोडलेली. तिच्यावर ७५ व्होल्ट असावे. म्हणजे त्या रेझिस्टरवर १७० उणे ७५, अर्थात् ९५ व्होल्ट उतरतात. ओहमच्या नियमानें ९५ भागिले २२,००० बरोबर ४.३ मिलिअँपिअर. हाच प्रवाह व्हॉल्व्हमधून कॅथोडांत व तेथून ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून पत्र्यांत जातो. तेव्हां कॅथोडवर ४.३ मिलिअँपिअर गुणिले ३३०, म्हणजे सुमारें १.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. वरून आलेला प्रवाह व खालीं उतरलेला प्रवाह जुळला, म्हणजे मधला व्हॉल्व्ह आपलें काम चोख करीत आहे, असें समजावें. दुकानाच्या जमाखर्चाप्रमाणेंच हा ताळा आहे.

मोठ्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवर ९६ व्होल्ट असावे, व तेथून ३ किलोओहमचा रेझिस्टर पत्र्यास जोडलेला. ९६ भागिले ३,००० म्हणजे ३२ मिलिअँपिअर. त्या रेझिस्टरांत सुमारें तीन वॉट उष्णता निर्माण होते. हीटरवर ६.३ व्होल्ट असावे.

५. शोध

आतां प्रत्यक्ष शोधाकडे वळूं. पहिला प्रश्न असा, कीं दोष यंत्राच्या आंत आहे कीं बाहेर? त्यासाठीं पेटी उघडण्याची गरज नव्हती. ध्वनि आणणाऱ्या दोन तारांची अदलाबदल केली. डावी उजवीकडे व उजवी डावीकडे लावली. मौन जर उजवीकडे सरकलें असतें, तर दोष तारेंत किंवा गाणें पुरविणाऱ्या यंत्रांत ठरला असता. तें डावीकडेच राहिलें. मग दुसरा, स्वस्तांतला हेडफोन लावून पाहिला. तरीहि डावी बाजू मुकीच. दोन साध्या कृतींनीं अर्धें रान धुंडाळून झालें. दोष पेटींत होता.

दुसरा प्रश्न डोळ्यांना व नाकाला विचारावयाचा. प्लग काढून, कंडेन्सर रिकामे करून पेटी उलटी केली. जळक्या वासाचा माग काढतां, डाव्या बाजूच्या ३ किलोओहमच्या रेझिस्टरचा रंग काळवंडलेला आढळला. उजव्या बाजूचा त्याचा जोडीदार स्वच्छ होता. येथें घाईचा मनुष्य म्हणेल, हाच दोषी. हा बदला म्हणजे झालें. परंतु जो भाजला आहे तोच चोर, असें कोणी सांगितलें? ज्याला चटका बसतो तो पुष्कळदां निरपराधी असतो. रेझिस्टर तापला, याचा अर्थ त्यांतून जास्त प्रवाह गेला. तो कां गेला, हा प्रश्न तसाच शिल्लक राहिला. नवा रेझिस्टर बसविला असता, तर तोहि दोन दिवसांत काळा झाला असता.

तिसरी पायरी मोजमापाची. ध्वनिवर्धकाच्या दोन बाजू जुळ्या भावांसारख्या असतात. एक आजारी व एक निरोगी असला, म्हणजे निरोगी भावाची साक्ष मिळते. म्हणून प्रत्येक जागीं दोन्ही बाजूंचें माप घेऊन शेजारीं शेजारीं लिहावें. मिळालेले आंकडे असे होते. पुरवठा दोन्हींकडे १७०. लहान व्हॉल्व्हची प्लेट: उजवी ७५, डावी १४५. त्याचा कॅथोड: उजवा १.४, डावा ११. मोठ्या व्हॉल्व्हचा कॅथोड: उजवा ९६, डावा १४१.

आतां मीटर बाजूस ठेवून विचार करावा. डाव्या बाजूच्या ३ किलोओहमवर १४१ व्होल्ट आहेत. म्हणजे ४७ मिलिअँपिअर, व उष्णता सुमारें ६.६ वॉट, नेमलेल्याच्या दुपटीहून अधिक. काळवंडण्याचें कारण सांपडलें. पण १४१ कां? कारण त्याच्या ग्रिडवर १४५ आहेत, आणि ग्रिडचें बोट धरूनच तो कॅथोड वर चढतो. ग्रिडवर १४५ कां? कारण ती ग्रिड पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटला सरळ जोडलेली आहे, आणि तेथेंच १४५ आहेत. मग तेथें १४५ कां? कारण २२ किलोओहमवर ९५ ऐवजीं केवळ २५ व्होल्ट उतरत आहेत. म्हणजे त्यांतून जेमतेम १.१ मिलिअँपिअर वाहत आहे, आणि तोहि मोठ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे निघून जात आहे. तात्पर्य, लहान व्हॉल्व्हच्या डाव्या अर्ध्यांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाहीं. मुकेपणाचें कारण येथें आहे. वर दिसलेला धूर खालच्या मजल्यावरच्या आगीचा होता.

प्रवाह न वाहण्याचीं कारणें मोजकींच असूं शकतात. व्हॉल्व्हचा तो अर्धा भाग मेला असेल. ग्रिडवर भलताच ऋण दाब असेल. किंवा कॅथोडपासून पत्र्यापर्यंतची वाट तुटली असेल. ग्रिडवर शून्य व्होल्ट होते, म्हणून दुसरें कारण गळालें. संच बंद करून व थंड होऊं देऊन दुसरा १२एयू७ बसविला. आंकडे तेच राहिले. पहिलें कारण गळालें. तिसरें मात्र एका आंकड्याशीं तंतोतंत जुळत होतें: कॅथोडवरच्या त्या अकरा व्होल्टांशीं. कॅथोडची पत्र्याकडे जाण्याची वाट मोकळी असती, तर तो इतका वर चढताच ना. ज्या तळ्याची मोरी बुजली, त्याचेंच पाणी वर चढतें.

शेवटीं पुन्हां प्लग काढला, कंडेन्सर रिकामे केले, व मीटर ओहमवर ठेवून कॅथोडच्या पिनेपासून पत्र्यापर्यंत रोध मोजला. उजवीकडे, ८ क्रमांकाच्या पिनेवर, ३३० ओहम. डावीकडे, ३ क्रमांकाच्या पिनेवर, कांटा अनंतावर. रेझिस्टरच्या स्वतःच्या दोन टोकांवर मात्र बरोबर ३३० होते. म्हणजे रेझिस्टर शाबूत, पिन शाबूत. तुटलें होतें तें त्यांच्यामधलें नातें. भिंगानें पाहतां, पिनेवर सोल्डरचा थेंब चांगला गोल बसलेला दिसला, पण रेझिस्टरच्या तारेभोंवतीं त्या थेंबांत केसाएवढी फट होती. तार न तापल्यामुळें सोल्डर तिला चिकटलेंच नव्हतें; नुसतें टेकलें होतें. यालाच कारागीर कच्चा डाग म्हणतात.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. सोल्डरिंग आयर्नचें टोंक पिनेला व तारेला एकाच वेळीं टेकवून दोन्ही तापवावीं, आणि सोल्डर आयर्नला न लावतां तापलेल्या सांध्याला लावावें. तें आपोआप आंत ओढलें जातें व थंड झाल्यावर चकचकीत, दोहों बाजूंस उतरत गेलेलें दिसतें. थंड होईपर्यंत सांधा हालूं देऊं नये. त्या विद्यार्थ्यानें स्वतःच हा डाग पुन्हां दिला. काळवंडलेला रेझिस्टर मोजतां ३ किलोओहमच निघाला. तथापि त्यानें बराच ताप सोसला होता, म्हणून तो बदलला. नंतरचे आंकडे: प्लेट ७६, कॅथोड १.४, मोठा कॅथोड ९७. मग हेडफोन न लावतां बाहेर जाणाऱ्या टोकांवर स्थिर दाब शून्य आहे हें पाहिलें, आधीं स्वस्तांतला हेडफोन लावला, व शेवटीं चांगला. डाव्या कानांत तबला बोलूं लागला.

६. आढळणारे इतर दोष

हाच क्रम इतर लक्षणांसहि लागू पडतो. त्यांपैकीं कांहीं येथें देतों.

घोष येत असल्यास आवाजाची कळ शून्यावर आणावी. घोष थांबला, तर तो कळेच्या अलीकडून, म्हणजे तारांतून, शिरत आहे. न थांबला, तर पलीकडे शोधावा. सेकंदास १०० कंपनांचा घोष पुरवठ्यांतला रांजण गळका असल्याचें सुचवितो. ५० कंपनांचा घोष बहुधा हीटरच्या किंवा घरच्या विजेच्या तारेशेजारून गेलेल्या ध्वनीच्या तारेंत शिरलेला असतो. हीटरच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन पत्र्यालगत नेल्या, म्हणजे तो पुष्कळ कमी होतो. दोन यंत्रांची अर्थिंग दोन वाटांनीं जमिनीस मिळाली, तरीहि घोष येतो.

दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्या असल्या, तर दोष बहुधा सामाईक भागांत, म्हणजे पुरवठ्यांत किंवा हीटरमध्यें असतो. एकच बाजू बिघडली असेल, तर सामाईक भागांना त्रास देऊं नये.

रंगांच्या पट्ट्या वाचतांना फार चुका होतात. २२ किलोओहमवर लाल, लाल, नारिंगी. २२० किलोओहमवर लाल, लाल, पिवळा. दिव्याच्या उजेडांत नारिंगी व पिवळा यांत फसगत होते. म्हणून प्रत्येक रेझिस्टर जोडण्यापूर्वीं मीटरनें मोजून कागदावर चिकटवून ठेवावा. कंडेन्सरचीं धन व ऋण टोंकें उलट लावलीं, तर तो तापून फुटूंहि शकतो. चालू करण्यापूर्वीं प्रत्येक टोंक नकाशाशीं ताडून पाहावें.

परदेशी संचांत ट्रान्सफॉर्मरला १२० व्होल्टांचीं दोन वेटोळीं असतात. तीं आपल्याकडे एकापुढें एक अशीं जोडावीं लागतात. शेजारीं शेजारीं जोडलीं, तर आपल्या २३० व्होल्टांनीं ट्रान्सफॉर्मर जळेल. खेड्यांत आणखी एक विचार करावा लागतो. शेतांतले पंप चालू असतां विजेचा दाब उतरतो, व रात्रीं चढतो. २३० चे २०० झाले, तर हीटरला ६.३ ऐवजीं सुमारें साडेपांच व्होल्ट मिळतात व आवाज मलूल होतो. २५० झाले, तर ६.८५ मिळतात. हीटरला शेंकडा दहापर्यंतचा फरक चालतो, त्याहून अधिक नाहीं. तेव्हां ‘संध्याकाळीं बिघडतें, सकाळीं बरें होतें’ अशा यंत्राची पेटी उघडण्यापूर्वीं भिंतींतला दाब मोजावा.

कधीं कधीं यंत्रांत दोषच नसतो. या जातीच्या संचांत हेडफोनच्या वाटेंत १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. ३०० ओहमचा हेडफोन लावला, तर सुमारें ५ कंपनांपर्यंतचे खालचे स्वर मिळतात. ३२ ओहमचा लावला, तर ५० कंपनांपासूनच खर्ज क्षीण होऊं लागतो. येथें चूक जोडणाराची नसून जोडीची आहे.

सुटे भाग पुण्यास बुधवार पेठेंत तपकीर गल्लींत व मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावर मिळतात. साधा मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, भिंग व वही एवढीं साधनें पुरेशीं आहेत. त्यांत वही सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयोगी. कारण लिहून ठेवलेला आंकडा आपल्या इच्छेप्रमाणें बदलत नाहीं.

७. पालकांस व विद्यार्थ्यांस विनंति

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलानें कांहीं जोडलें आणि तें चाललें नाहीं, तर ‘पैसे पाण्यांत गेले’ असें लगेच म्हणूं नये. चाललेल्या संचापासून मुलगा संगीत ऐकतो. न चाललेल्या संचापासून तो विचार करावयास शिकतो. मात्र त्याचा जीव सांभाळण्याची जबाबदारी आपली आहे. लहान मुलांना प्रथम नऊ व्होल्टांच्या बॅटरीवर चालणाऱ्या साध्या रचना करूं द्याव्या. त्यांत दोष शोधण्याचें सर्व शिक्षण मिळतें व धोका जवळजवळ नसतो. शंभर व्होल्टांवरच्या यंत्राला, अभ्यास पक्का झाल्यावर व जाणता माणूस जवळ असतांच, हात लावूं द्यावा. मुलींनाहि हें काम अवश्य शिकवावें. डाग देण्यास ताकद लागत नाहीं, स्थिर हात लागतो.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कित्येकजण उद्यां कारखान्यांत, दवाखान्यांत, शेतांत किंवा कचेरींत काम कराल. तुमच्याच जिल्ह्यांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आकाशांतील क्षीण ध्वनिलहरींसारख्या रेडिओलहरी टिपीत असते. तेथेंहि एक तबकडी इतरांशीं ताडून पाहतात, आणि दोष सांपडेपर्यंत एकेक शक्यता गाळीत जातात. यंत्र लहान असो वा मोठें, रीत एकच. आधीं जीव सांभाळा. निरोगी स्थिति कशी असते, हें कागदावर मांडा. आजारी व निरोगी यांची तुलना करा. एका वेळीं एकच गोष्ट बदला. जो भाजला आहे त्यालाच अपराधी समजूं नका; त्याच्या मागें ‘कां?’ असें विचारीत जा, आणि उत्तर मोजमापाशीं जुळल्यावांचून थांबूं नका.

हा शेवटचा नियम माणसांनाहि लागू पडतो. घरांत, वर्गांत किंवा गांवांत कांहीं बिघडलें, म्हणजे जो तापलेला दिसतो त्याच्यावर आपण प्रथम बोट ठेवितों. थोडें थांबून, त्याच्यावर इतका भार कोठून आला असें विचारलें, तर पुष्कळदां दूर कोठेंतरी एखादा सांधा नुसता टेकलेला आढळतो. तो शोधून काढून पक्का करणें हेंच खरें काम आहे.